काडतुसं भरायचं पितळी यंत्र

गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेल्या एका मुलानं खेळण्यातल्या एअरगननं एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथे मिलर्डसाहेबांनी त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. हा मुलगा म्हणजे १८९६ साली जन्मलेले सालिम अली. ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. पण त्या काळी पक्ष्याचा अभ्यास करायचा तर आधी तो मारावा लागे, हे आपण विसरतो.

मोठे संग्राहक काडतुसाची बंदूक वापरत. लहान पक्ष्यावर नेहमीचं काडतूस झाडलं, तर कातडीच्या चिंधड्या होत. म्हणून दारू कमी आणि छर्रे अगदी बारीक असलेलं काडतूस लागे. ते पुष्कळदा घरीच भरलं जाई. शिकारीही वापरलेल्या कागदी पुंगळ्या पुन्हा भरत. त्यासाठी लागणारी पितळी अवजारं आज जुन्या सामानात किंवा चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर दिसली, तर ती कसली हे चटकन कळत नाही.

ओळखायची कशी? एका अवजारानं पुंगळीच्या बुडाची वापरलेली टोपी काढून नवी बसवत. लाकडी दांड्याच्या मापानं दारू आणि छर्रे मोजत. त्यावर ड्रॅम आणि औंसाचे आकडे असतात. मधली नमद्याची चकती लाकडी दट्ट्यानं दाबत. शेवटचं यंत्र शेवयांच्या सोऱ्यासारखं टेबलाच्या कडेला आवळायचं. दांडा फिरवला की पुंगळीची कागदी कड आत वळून तोंड बंद होई.

यंत्रावर बहुधा १२ किंवा १६ असा आकडा असतो. तो बंदुकीच्या नळीचा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. शेफिल्डच्या जेम्स डिक्सन आणि हॉक्सली यांचं नाव असेल, तर माल इंग्लंडचा. काही वेळा कारखानदाराऐवजी बंदूक विकणाऱ्याचं नाव असतं. पुंगळीच्या कडेतून बाहेर येणाऱ्या पिनेसाठी खाच असेल, तर अवजार त्याहून जुन्या पद्धतीचं. १८६० नंतर ती पद्धत हळूहळू मागे पडली. १९६० नंतर प्लॅस्टिकची पुंगळी आली आणि कागदी कड वळवणाऱ्या यंत्रांचं कामच संपत गेलं.

किंमत वजनावर ठरत नाही. नाव स्पष्ट वाचता येतं का, सगळे भाग आहेत का, मूळची पेटी आहे का, हे पाहतात. चिंच लावून किंवा पितांबरीनं लखलखीत घासलं, तर अक्षरं झिजतात आणि किंमत घटते. जुना परवाना किंवा दुकानाचं बिल सोबत असेल, तर वस्तूला इतिहास मिळतो.

एक गोष्ट मात्र जपावी. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणून विकण्या-घेण्याआधी पोलिसांच्या परवाना विभागात विचारावं. पेटीत भरलेली काडतुसं किंवा टोप्या निघाल्या, तर हात न लावता पोलिसांना कळवावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते. मग ती परदेशी पाठवता येत नाही.

त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीचा काळ संपत गेला. ते योग्यच झालं. अवजारं मात्र माळ्यावर राहिली. आता चाळी पाडून टॉवर उभे राहताना माळे रिकामे होतात आणि भंगारवाला पितळ किलोवर नेतो. तेव्हा कायद्याची चौकशी झाली, की ते कुणाचं होतं, कधी आणि कुठून आलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहावं आणि ती चिठ्ठी पेटीत ठेवावी.