टॉवर वाढले, माणसं घटली: गिरणगावात नेमकं काय घडलं?

लालबाग, लोअर परळ, वरळी या भागाचे ड्रोन व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये येतच असतील. ५०-६० मजली टॉवर, मॉल, काचेची ऑफिसं आणि मध्येच एखादी जुनी चिमणी. हे सगळं बघून आपण समजतो की इथे माणसांची संख्याही तशीच वाढली असणार.

जनगणनेचा आकडा मात्र उलटं सांगतो. मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई. २००१ मध्ये इथे ३३.३८ लाख लोक राहत होते. २०११ मध्ये ते ३०.८५ लाख झाले. म्हणजे दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली. आणि हीच ती दहा वर्षं, ज्यात गिरण्यांच्या जमिनीवर सगळ्यात जोरात बांधकाम सुरू झालं.

मग इमारती वाढत असताना माणसं कमी कशी झाली? ती गेली कुठे? समजून घेऊ.

आधी गिरणगाव म्हणजे काय?

मुंबईतली पहिली यशस्वी कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभी करायला घेतली. पुढच्या काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी हा अख्खा पट्टा गिरण्यांनी भरला. सगळ्या गिरण्यांची मिळून जमीन होती सुमारे ६०० एकर.

कामगार आले मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून. एका खोलीत आठ-दहा जण. एक पाळी कामावर गेली की दुसरी झोपायची. जेवायला खानावळ, वेळ सांगायला गिरणीचा भोंगा. दहा बाय बाराच्या खोल्यांच्या चाळींमुळे कमी जागेत प्रचंड लोकसंख्या मावत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याचा मानोऱ्याशी काय संबंध?

संबंध कापसाचा आहे. मानोरा, कारंजा, दारव्हा, यवतमाळ हा सगळा कापूस पिकवणारा पट्टा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या काळात इथून कापूस बाहेर काढण्यासाठी नॅरोगेज रेल्वे टाकली गेली. तीच आपली ‘शकुंतला’. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत ती मूर्तिजापूरला यायची आणि तिथून माल मोठ्या लाइनने मुंबईकडे जायचा. काही गाठी बंदरातून परदेशात जायच्या, काही मुंबईच्या गिरण्यांत. म्हणजे कापूस वऱ्हाडाचा, हात कोकणातले आणि घाटावरचे, आणि कापड मुंबईचं.

भोंगा कधी बंद झाला?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे ६० गिरण्या आणि जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच. शिवाय १९४६ च्या कायद्यानुसार वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता, ती पद्धत बदलावी अशीही मागणी होती. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो हळूहळू विरून गेला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलं नाही.

गिरण्या फक्त संपामुळे बंद पडल्या असं म्हणणं मात्र अर्धवट आहे. त्याआधीच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. बऱ्याच मालकांनी जुनी यंत्रं बदलली नव्हती. अनेक आजारी गिरण्या सरकारने आधीच ताब्यात घेऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे दिल्या होत्या. आणि दरम्यान एक गोष्ट झाली होती, ती म्हणजे गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली होती.

एक तृतीयांशचा नियम काय होता?

गिरणीच्या जमिनी उद्योगासाठी होत्या, त्यामुळे त्यावर दुसरं काही बांधायला परवानगी नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ आलं आणि ही परवानगी मिळाली, पण अटीवर. ढोबळमानाने जमिनीचे तीन वाटे करायचे:

• एक वाटा महापालिकेला, मैदानं आणि बागांसाठी
• एक वाटा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी
• एक वाटा मालकाला, विकायला किंवा बांधायला

म्हणजे ६०० एकरांपैकी साधारण ४०० एकर शहराच्या आणि सामान्य माणसाच्या वाट्याला येऊ शकले असते. या जमिनींचा एकत्रित विचार कसा करावा हे ठरवण्यासाठी सरकारने १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली होती.

२००१ मध्ये काय बदललं?

खरा खेळ इथे झाला. २००१ मध्ये राज्य सरकारने कलम ५८ मध्ये दुरुस्ती केली. तीन वाटे तसेच राहिले, पण ते कशाचे करायचे ते बदललं. आधी गिरणीच्या पूर्ण जमिनीचे वाटे होत होते. आता फक्त मोकळ्या जमिनीचे, म्हणजे ज्या भागावर आधीपासून काहीच बांधकाम नव्हतं तेवढ्याचे.

उदाहरण घेऊ. समजा १५ एकरांची गिरणी आहे. त्यातल्या १२ एकरांवर शेड आणि गोदामं आहेत, ३ एकर मोकळे आहेत. जुन्या नियमाने महापालिकेला ५ आणि म्हाडाला ५ एकर मिळाले असते. नव्या नियमाने ३ एकरांचे वाटे होणार, म्हणजे दोघांना जेमतेम एकेक एकर. शेड पाडल्यावर जी जमीन मोकळी होते, ती वाटपात धरायचीच नाही.

याविरोधात बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप ही संस्था कोर्टात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल संस्थेच्या बाजूने लागला. पण ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती वैध ठरवली.

जमिनीला काय भाव आला, याचा अंदाज एका व्यवहारावरून येतो. एनटीसीची मुंबई टेक्सटाइल मिल, साधारण १७ एकर, २००५ मध्ये डीएलएफने ७०२ कोटींना घेतली. सात वर्षांनी, २०१२ मध्ये, तीच जमीन लोढा समूहाने सुमारे २,७०० कोटींना घेतली. जमीन तेवढीच, किंमत जवळपास चौपट.

मग माणसं कमी का झाली?

कारण एक नाही, तीन-चार आहेत.

पहिलं, घराचा आकार. चाळीच्या एका मजल्यावर जितक्या जागेत दहा-बारा कुटुंबं राहायची, तितक्या जागेत आज एखादा मोठा फ्लॅट असतो आणि त्यात राहतात चार माणसं. टॉवर उंच दिसतो, पण त्यातली माणसं मोजली तर चाळीपेक्षा कमी भरू शकतात.

दुसरं, जागेचा वापर. गिरण्यांच्या जमिनीवर फक्त घरं झाली नाहीत. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली. तिथे लोक दिवसा येतात, रात्री निघून जातात. जनगणना मोजते ती राहणारी माणसं.

तिसरं, खर्च. नोकरी गेली, मुलं मोठी झाली, खोली पुरेना. मग अनेकांनी खोली विकून किंवा पागडी सोडून डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा गाठलं. काही जण गावी परत गेले. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या १९८१ मध्ये ४९.५८ लाख होती, ती २०११ मध्ये ९३.५७ लाख झाली. तेव्हाचा ठाणे जिल्हा तर २००१ ते २०११ या दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला.

चौथं, फोर्ट, काळबादेवी अशा जुन्या भागांतही घरांची दुकानं, गोदामं आणि ऑफिसं झाली. त्यामुळे सगळी घट गिरणगावाच्याच नावावर टाकता येत नाही.

आता एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. एक मुंबई शहर. दुसरे दोन रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. म्हणजे गिरणी कामगार जिथून आले तो कोकण आणि जिथे आले ती मुंबई, दोन्हीकडची माणसं एकाच दशकात कमी झाली. याच काळात आपला वाशिम जिल्हा सुमारे १७ टक्क्यांनी वाढून ११.९७ लाखांवर गेला.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटसारखंच झालं का?

उद्योग गेला, माणसं गेली, असं म्हटलं की डेट्रॉइटचं उदाहरण दिलं जातं. मोटारींच्या कारखान्यांच्या या शहरात १९५० मध्ये साडेअठरा लाख लोक होते. २०२० मध्ये उरले ६.३९ लाख. २०१३ मध्ये शहराच्या प्रशासनाने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो घरं ओस पडली, पाडावी लागली. अलीकडे फोर्ड कंपनीने तिथलं बंद पडलेलं जुनं रेल्वे स्टेशन घेऊन दुरुस्त केलं, ते २०२४ मध्ये खुलं झालं आणि लोकसंख्येची घसरणही थांबल्यासारखी दिसते.

पण दोन्हीकडची कारणं उलटी आहेत. डेट्रॉइटमध्ये माणसं गेली आणि जमिनीला गिऱ्हाईक उरलं नाही. गिरणगावात जमिनीला एवढं गिऱ्हाईक आलं की माणसांना राहणं परवडेना. तिथे प्रश्न होता रिकाम्या घरांत माणसं आणायची कशी. इथे प्रश्न आहे की असलेल्या माणसांना टिकवायचं कसं.

कामगारांच्या घरांचं काय झालं?

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधायची, असं धोरण ठरलं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जे गिरणीच्या पटावर होते, ते कामगार किंवा त्यांचे वारस यासाठी पात्र. अर्ज आले सुमारे पावणेदोन लाख.

सोडती निघाल्या त्या अशा:

• २०१२: ६,९२५ घरं
• २०१६: गिरण्यांच्या जमिनीवर २,६३४ आणि पनवेलजवळ कोन इथे २,४१७ घरं
• २०२०: ३,८९४ घरं

बेरीज १५,८७०. म्हणजे साधारण ११ अर्जांमागे एक घर. इतकी कमी का? कारण २००१ च्या दुरुस्तीनंतर म्हाडाच्या हातात जमीनच थोडी आली. नियमातल्या एका व्याख्येचा फटका असा थेट घरांच्या संख्येला बसला.

उरलेल्यांसाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये शेलू आणि वांगणीचा पर्याय पुढे केला. ही गावं कर्जत-बदलापूर पट्ट्यातली. कामगार संघटनांनी विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा काढला. मागणी एकच, घर मुंबईतच द्या. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. अनेक अर्ज आता मुला-नातवंडांच्या भरवशावर आहेत.

पुनर्विकास म्हणजे माणसं जाणारच का?

तसं नाही. याच भागात बीडीडी चाळी आहेत. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती, १९२० च्या दशकात बांधलेल्या. इथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात रहिवाशाला त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांचं घर मोफत, असं ठरलं. प्रकल्पाला फार उशीर झाला, पण ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. टॉवरचा देखभाल खर्च त्यांना पुढे झेपेल का, हा प्रश्न आहेच. तरी पत्ता तोच राहिला.

फरक कुठे पडला? चाळीतल्या रहिवाशाचा हक्क नियमात आधीच लिहिलेला होता. गिरणीतल्या कामगाराचा हक्क जमिनीच्या उरलेल्या तुकड्यावर अवलंबून राहिला.

आपल्याकडे याचं काय?

विदर्भातही हे घडलंय. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली, तिच्या जागेवर आज मॉल आणि इमारती आहेत. मुंबईची फिनले मिल एनटीसीने अचलपूरला नव्याने उभी केली, त्यातून शेकडो हातांना काम मिळालं, पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तीही थांबली.

मानोरा आता नगरपंचायत आहे. अशा लहान शहरांतही उद्या एखाद्या बंद जिनिंगच्या, सूतगिरणीच्या किंवा सरकारी जागेच्या विकासाची बातमी येऊ शकते. तेव्हा थ्रीडी फोटो शेअर करण्याआधी तीन गोष्टी विचारा. तिथे आज राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या माणसांना काय मिळणार? सार्वजनिक वापराचा वाटा पूर्ण जमिनीतून निघणार की उरलेल्या तुकड्यातून? आणि ते आधी लिहून दिलंय का?

देशाची पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. २०११ नंतर गिरणगावात आणखी किती माणसं कमी झाली, की नव्या टॉवरमुळे आकडा पुन्हा वर गेला, हे तेव्हा कळेल. वाट पाहणाऱ्या कामगारांपैकी किती जण तोवर मुंबईच्या यादीत मोजले जातील, हे मात्र त्याआधी किती घरं बांधून होतात यावर ठरणार आहे.