मौन, नकार आणि ओळख : दूरच्या यंत्राच्या दारापाशी

बोरिवलीहून मुलुंडला लोकलने जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते. २०२० च्या मार्च महिन्यात लोकलच बंद झाल्या आणि ही गैरसोयही हेवा वाटावा अशी होऊन गेली. आमच्यापैकी एक जण बोरिवलीत, दुसरा घाटकोपरला आणि विभागाचा लिनक्स संगणक मुलुंडच्या महाविद्यालयात कुलूपबंद. उपनगरांतील वृद्ध रहिवाशांच्या बोलीची एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी वर्षभर केलेली ध्वनिमुद्रणे त्या संगणकावर होती. दुसरी प्रत नव्हती, आणि ज्यांचे आवाज त्यात होते त्यांतील काही जण तेव्हा हयात राहिले नव्हते. घरबसल्या त्या यंत्रात प्रवेश करण्याची सोय आधीच केलेली होती. परंतु प्रवेश मिळेना. पुढील काही दिवसांत त्या यंत्राने आम्हांला तीन निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांमागे एक इतिहास आहे, असे आम्हांला पुढे वाचताना उमगले.

या इतिहासाचा एक आरंभ मुंबईच्या उपनगरांतच सापडतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक म्हणजे १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अप जोडणीने झालेली ई-पत्रांची देवाणघेवाण. एनसीएसटी ही श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखालील, पुढे जुहूच्या वास्तूमुळे ओळखली गेलेली आणि २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झालेली संस्था. त्या काळी युनिक्स यंत्रे एकमेकांशी बोलत ती बहुधा 'यूयूसीपी' या पद्धतीने. एक यंत्र दुसऱ्याला दूरध्वनी लावी, पलीकडून 'लॉगिन' हा शब्द येण्याची वाट पाही, मग आपले नाव सांगे, नंतर पासवर्ड. अपेक्षित शब्द आला नाही तर फोन ठेवून पुन्हा केव्हातरी प्रयत्न करी. अपयश हा त्या व्यवहारात गृहीतच धरलेला होता. १९९२ मध्ये एनसीएसटीहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत ६४ किलोबिट वेगाची वाहिनी सुरू झाली.

आमचे पहिले उत्तर म्हणजे उत्तरच नव्हते. पडदा बराच वेळ स्तब्ध राहिला आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट' असे उमटले. हे मौन सर्वांत कमी सांगते : पत्ता चुकला असेल, यंत्र बंद असेल, किंवा वाटेतील फायरवॉल आलेली हाक गिळून टाकत असेल. आवारातच राहणाऱ्या शिपाईकाकांना फोन केला. वीज गेल्यापासून संगणक बंदच होता. त्यांनी तो सुरू केला.

दुसरे उत्तर क्षणार्धात आले : 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. आम्ही निराश झालो, आणि तिथेच चुकलो. हा नकार ही खरे तर आनंदवार्ता होती. यंत्र जागे होते, हाक तिथवर पोहोचत होती. केवळ दारावर कोणी बसलेले नव्हते. एसएसएचची सेवा पूर्वी कोणीतरी हाताने सुरू केली होती आणि यंत्रासोबत ती आपोआप सुरू होण्याची तजवीज राहून गेली होती. आम्ही फोनवरून एकेक अक्षर सांगत शिपाईकाकांकडून आज्ञा टंकून घेतली. पासवर्डही मोठ्याने सांगितला. १९६९ साली जन्मलेल्या टेलनेटची रीत हीच होती : पासवर्ड तारेतून उघडाच जाई आणि वाटेत कान देणाऱ्यास तो ऐकू येई. बर्कलीच्या युनिक्समधून आलेल्या आर-लॉगिनने तर ओळखीच्या यंत्राचे नाव पाहूनच दार उघडण्याची सोय केली. नोव्हेंबर १९८८ मधील 'मॉरिस वर्म' अशाही भरवशाचा लाभ घेत यंत्रायंत्रांतून पसरला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील जाळ्यावर पासवर्ड चोरीस गेल्यावर तातू यलोनेन यांनी १९९५ च्या जुलैमध्ये एसएसएच प्रसिद्ध केले, ते या पार्श्वभूमीवर. त्यासाठी त्यांनी टेलनेटच्या २३ आणि एफटीपीच्या २१ या क्रमांकांमधील २२ हा क्रमांक मागून घेतला. पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलने भारतात सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

तिसरे उत्तर होते 'परमिशन डिनाइड'. आता दारावर पहारेकरी होता. परंतु आमची किल्ली त्याला मान्य नव्हती. किल्ली तर खरी होती. दोष निघाला तो आमच्याच औदार्यात. विद्यार्थ्यांना फायली सहज ठेवता याव्यात म्हणून आम्ही आमचा संपूर्ण कप्पा सर्वांना लिहिण्यासाठी खुला करून ठेवला होता. ज्या घरात कोणीही येऊन किल्ल्यांची यादी बदलू शकतो, त्या घरातील यादीवर एसएसएच विश्वास ठेवत नाही. शिपाईकाकांना पुन्हा फोन, पुन्हा एकेक अक्षर. परवानग्या आवळल्या आणि दार उघडले. आत शिरताच आधी तो मोठ्याने सांगितलेला पासवर्ड बदलला, मग ध्वनिमुद्रणांच्या प्रती दोन ठिकाणी करून घेतल्या.

साहित्याच्या वर्गात आपण मौन आणि नकार यांतील अंतर शिकवतो. पात्र गप्प का राहिले आणि 'नाही' का म्हणाले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे बजावतो. यंत्रापुढे बसल्यावर मात्र तिन्ही उत्तरांना आम्ही 'लागत नाही' या एकाच शब्दात कोंबले. उत्तर नीट वाचले असते तर पहिल्याच दिवशी पुढचा प्रश्न कळला असता. त्या ध्वनिमुद्रणांतील एक आजी प्रश्न ऐकून बराच वेळ गप्प राहतात आणि मग बोलू लागतात. विद्यार्थ्याने ती शांतता कापलेली नाही. ती तशीच जतन झाली आहे, याचे श्रेय आम्ही शिपाईकाकांना देतो.