बेसबॉल पंचांसाठी परवडणारे संरक्षक बूट : काय पाहावे, काय टाळावे?

महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ खेळवले जातात. कॅचरला मास्क, छातीचे कवच आणि नडगीचे पॅड मिळतात. त्याच्या मागे उभ्या असलेल्या पंचालाही बहुतेक वेळा मास्क मिळतो. पायात मात्र तो रोजचेच कॅनव्हासचे किंवा धावण्याचे बूट घालून उभा राहतो. जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकसारख्या गावातून सामन्याला जाणारा क्रीडाशिक्षक असो किंवा शहरातला नवा पंच, दोघांचीही अडचण सारखीच असते. पंचांसाठी बनवलेले खास बूट इथल्या दुकानात मिळत नाहीत आणि परदेशातून मागवणे परवडत नाही.

यावर उपाय आहे. कारखान्यातले कामगार वापरतात ते सेफ्टी शूज नीट पारखून घेतले, तर थोड्या पैशांत पायाचे चांगले संरक्षण होते. मात्र हे बूट फक्त बोटे झाकतात, चवड्याची वरची बाजू उघडीच राहते. म्हणून खरेदी करताना या दोन्ही भागांचा विचार करायला हवा.

पंचाच्या पायाला धोका कुठून येतो?

होम प्लेटमागचा पंच कॅचरच्या अगदी पाठीमागे, बहुधा कॅचर आणि फलंदाज यांच्यामधल्या फटीतून चेंडू पाहत उभा असतो. फलंदाज उजव्या हाताने खेळणारा असेल तर पंचाचा डावा पाय त्या फटीकडे येतो. डावखुरा फलंदाज आला की उजवा पाय तिकडे जातो. या पायापुढे कॅचरचे शरीर पूर्णपणे आड येत नाही. त्यामुळे मार बसण्याचा संभव त्याच पायाला जास्त असतो.

चेंडू पायावर दोन प्रकारे येतो. पहिल्या प्रकारात बॅटची कड लागून तो खाली वळतो आणि थेट पावलावर आदळतो. दुसऱ्या प्रकारात पिचरचा चेंडू प्लेटच्या अलीकडे जमिनीवर पडतो, कॅचरकडून निसटतो आणि उसळून बुटावर येतो. दोन्ही वेळी पाय मागे घ्यायला वेळ मिळत नाही. शिवाय पंचाने चेंडू पाहत स्थिर उभे राहायचे असते.

मार किती जोराचा असतो?

बेसबॉलचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम असते. सॉफ्टबॉलचा १२ इंची चेंडू त्याहून जड, म्हणजे साधारण १७७ ते १९८ ग्रॅमचा असतो. वेग आणि वजन यांवरून आघाताची ऊर्जा काढता येते. ती ज्यूलमध्ये मोजतात. १४५ ग्रॅमच्या चेंडूसाठी हा हिशोब असा :

- ताशी ८० किलोमीटर : सुमारे ३६ ज्यूल
- ताशी १०० किलोमीटर : सुमारे ५६ ज्यूल
- ताशी १२० किलोमीटर : सुमारे ८१ ज्यूल
- ताशी १४० किलोमीटर : सुमारे ११० ज्यूल

वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणून लहान मुलांच्या सामन्यात चालून गेलेले साधे बूट मोठ्या वयोगटाच्या सामन्यात पुरतीलच असे नाही.

पंचांचे खास बूट कसे असतात?

अमेरिकेत प्लेटमागच्या पंचांसाठी वेगळे बूट बनतात. बाहेरून ते काळ्या चामडी बुटांसारखे दिसतात. आत बोटांवर धातूची किंवा कडक संमिश्र पदार्थाची टोपी असते. लेसच्या वर एक जाड पट्टी किंवा कडक कवच असते, ते चवड्याची वरची बाजू झाकते. तळ रबरी, लहान उंचवट्यांचा असतो. असा जोड तिकडे साधारण १०० ते २०० डॉलरच्या दरम्यान मिळतो. त्यात मागवण्याचा खर्च आणि आयात शुल्क धरले तर आपल्याकडे सामन्यामागे मिळणाऱ्या मानधनाच्या मानाने ही रक्कम फार मोठी होते. माप चुकले तर परत पाठवण्याचा त्रास वेगळाच.

परवडणारा पर्याय : सेफ्टी शूज

औद्योगिक सेफ्टी शूजमध्ये बोटांवर अशीच टोपी असते. दुकानात तिला ‘स्टील टो’ म्हणतात. असे बूट साधारण ५०० ते १,५०० रुपयांत मिळतात. बाटा इंडस्ट्रियल्स, लिबर्टी वॉरियर, हिलसन, अ‍ॅलन कूपर, करम ही या बाजारातली काही ओळखीची नावे. पुणे-नाशिक महामार्गाच्या भागात राहणाऱ्यांना चाकण आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात असे बूट पायात घालून पाहता येतात. ऑनलाइन मागवले तर थोडे स्वस्त पडू शकतात, पण पहिला जोड तरी घालून पाहूनच घ्यावा.

भारतात या बुटांसाठी आयएस १५२९८ हे मानक आहे. त्याचे भाग समजून घेतले तर दुकानदाराच्या बोलण्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

- भाग २ : टोपी २०० ज्यूलचा आघात सोसणारी. साधारण २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडल्यावर बसेल एवढा हा आघात असतो.
- भाग ३ : टोपी १०० ज्यूलचा आघात सोसणारी.
- भाग ४ : कामाचे बूट, पण बोटांवर संरक्षक टोपी नाही.

पंचाने भाग २ चेच बूट घ्यावेत. वरच्या हिशोबातला ताशी १४० किलोमीटरचा चेंडूही २०० ज्यूलच्या बराच खाली राहतो. भाग ४ चे बूट दिसायला तसेच असतात आणि स्वस्तही असतात, पण या कामाला उपयोगाचे नाहीत.

बुटावर किंवा जिभेच्या आतल्या बाजूला आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक, माप आणि बनवल्याची तारीख पाहा. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल तर तो जोड सोडून द्यावा.

स्टीलची टोपी वाकून बोटे कापली जातात, असे पुष्कळदा ऐकू येते. चेंडूच्या माराने तसे होण्याची भीती बाळगू नये. आघाताच्या चाचणीनंतरही टोपीखाली ठरावीक जागा शिल्लक राहावी लागते. ४२ मापाच्या बुटात ती निदान १४ मिलिमीटर असायला हवी.

चवड्याची वरची बाजू विसरू नका

बुटाची टोपी बोटांच्या मुळापाशी संपते. तिच्या मागे, लेसच्या खाली, पावलाची लांब आणि बारीक हाडे असतात. त्यांच्यावर मांस फार कमी असते. साध्या सेफ्टी शूजमध्ये तिथे चामडे आणि लेस एवढेच असते. हा भाग झाकण्याचे तीन मार्ग आहेत.

१. ‘एम’ खुणेचे बूट. मानकात चवड्याच्या संरक्षणासाठी ‘एम’ ही खूण आहे. ओतशाळा आणि खाणींत असे बूट वापरतात. संरक्षण सगळ्यांत चांगले, पण बूट जड असतात आणि किंमतही जास्त असते.

२. वरून बांधायचे कवच. याला मेटाटार्सल गार्ड म्हणतात. धातूचे किंवा कडक प्लास्टिकचे हे कवच पट्ट्याने बुटावर बसते. औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानात त्याची चौकशी करावी. सामना संपला की काढून ठेवता येते. बांधल्यावर चार पावले पळून पाहा. पट्टा तळाखालून जात असेल तर तो घसरता कामा नये.

३. नडगीच्या पॅडची जीभ. कॅचरच्या आणि पंचांच्या नडगीच्या पॅडला खाली एक झडप असते, ती लेसवर येते. शाळेच्या किटमध्ये जादा पॅड असतील तर ते मागून घ्यावेत. पँटच्या आत बसत नसतील तर शालेय सामन्यात बाहेरून घातले तरी पाय वाचणे जास्त महत्त्वाचे.

काही जण मोच्याकडून लेसवर जाड चामड्याची पट्टी शिवून घेतात आणि तिच्याखाली फोमचा थर घालतात. यामुळे मार थोडा सौम्य होतो. पण ही पट्टी कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते, म्हणून मोठ्या वयोगटाच्या सामन्यात तिच्यावर विसंबू नये.

तळ कसा असावा?

आपली मैदाने बहुधा मुरमाची किंवा कडक मातीची असतात. पावसाळ्यानंतर काही ठिकाणी ओले गवत आणि काळी माती असते. तळ रबरी किंवा पीयूचा, खोल खाचांचा असावा. खाचा फार अरुंद असतील तर काळी माती त्यात भरून बसते आणि तळ गुळगुळीत होतो.

‘एस१पी’ किंवा ‘एस३’ लिहिलेल्या बुटांच्या तळात खिळा आत शिरू नये म्हणून एक थर असतो. तो पोलादी पत्र्याचा असेल तर तळ कडक होतो आणि वाकून उभे राहताना टाच उचलते. मैदानावर त्याची गरज नाही. साधा ‘एस१’ बूट पुरतो आणि स्वस्तही पडतो.

शेतात पाणी भरताना वापरायचे गमबूट स्टील टोचे मिळतात. पण त्यात टाच सैल राहते आणि वळताना घोटा मुरगळू शकतो. पंचगिरीसाठी ते घेऊ नयेत.

दुकानात मापाची परीक्षा

- संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो.
- सामन्यात घालता तेच जाड मोजे घालून माप पाहा.
- दोन्ही पायांत बूट घालून पंचाच्या पवित्र्यात वाका आणि निदान एक मिनिट तसेच राहा. टोपीची मागची कड बोटांवर रुतत असेल तर तो जोड घेऊ नका. चामडे वापरून सैल होते, टोपी होत नाही.
- बोटे टोपीच्या पुढच्या भिंतीला लागता कामा नयेत.
- दहा-पंधरा पावले पळा. एकच पंच असलेल्या सामन्यात त्यालाच बेसकडे धावावे लागते. पाय जड वाटत असतील तर संमिश्र टोपीचा हलका जोड पाहा.

फक्त बेसवर उभे राहणाऱ्या पंचाला या बुटांची गरज नाही. त्याला हलके, चांगली पकड असलेले बूट बरे.

पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत?

खरे आयएसआय चिन्ह, योग्य माप आणि चवड्याचे कवच या तीन गोष्टींत काटकसर करू नये. तेलरोधक तळ, विजेपासून संरक्षण, चमकदार पट्ट्या, मोठे नाव यांसाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही. एका शाळेत किंवा तालुक्यात चार-पाच पंच असतील तर चवड्याची कवचे सामाईक ठेवता येतात, कारण ती बुटावरून बांधायची असतात. बूट मात्र प्रत्येकाचे स्वतःचे असावेत.

जुने बूट विकत घेणे टाळा. पीयूचा तळ दमट हवेत हळूहळू कमजोर होतो. चार-पाच वर्षे पडून राहिलेला जोड बाहेरून कोरा दिसला तरी मैदानावर त्याचा तळ तुकडे होऊन गळू शकतो. म्हणून नव्या बुटावरही बनवल्याची तारीख वाचावी.

निगा आणि बदल

नवे बूट थेट सामन्यात घालू नयेत. आधी आठवडाभर रोज तासभर घरात किंवा सरावात वापरावेत. भिजल्यावर आतला तळवा काढून वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि सावलीत वाळवावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर चामडे तडकते आणि तळ सुटतो.

टोपीवर जोराचा मार बसला तर ती हाताने चाचपून पाहा. स्टीलला खळगा पडला असेल तर जोड बदला. संमिश्र टोपीला बाहेरून न दिसणारी चीर जाऊ शकते, म्हणून मोठ्या आघातानंतर ती सुरक्षित समजू नये.

तरीही चेंडू लागला तर?

बूट काढून पाय पाहा, कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे धरा आणि पाय उंच ठेवा. चार पावलेही टाकता येत नसतील, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधोमध किंवा घोट्यापुढच्या आतल्या बाजूच्या हाडावर दाबल्यावर तीव्र कळ येत असेल, तर एक्स-रे काढून घ्या. ‘मुका मार आहे’ म्हणून उरलेला सामना उभ्याने काढला तर हाडाची चीर वाढू शकते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असेल तर दुखत नसले तरी डॉक्टरांना पाय दाखवावा.

थोडक्यात

आयएस १५२९८ भाग २ चा, बरोबर मापाचा, साध्या तळाचा काळा सेफ्टी शू आणि त्यावर चवड्याचे कवच ही जोडणी बहुतेक शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या पंचांना पुरते. पावलाचे हाड मोडले तर काही आठवडे नोकरी, शेती आणि सामने सगळेच अडते. त्या मानाने हा खर्च लहान आहे. स्पर्धा भरवणाऱ्या शाळांनी आणि संघटनांनी कॅचरच्या किटसोबत चवड्याच्या कवचांचा एक जोड घेऊन ठेवला, तर नव्याने पंचगिरीला उभ्या राहणाऱ्यालाही पहिल्याच दिवसापासून पाय सांभाळता येईल.