माळा, बळद आणि बाटली

वाईन म्हटलं की तळघर, हे समीकरण इंग्रजी सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. दगडी पायऱ्या, कोळिष्टकं, हातात मेणबत्ती घेतलेला म्हातारा नोकर वगैरे. पण इतिहास जरा उकरला तर वाईन बऱ्याचदा घराच्या वरच्या अंगाला, चक्क माळ्यावर ठेवलेली सापडते. म्हणजे 'माळ्यावर वाईन' ही कल्पना ऐकायला वाटते तितकी येडपट नाही. येडपट आहे ती 'सोलापुरात माळ्यावर वाईन' ही कल्पना. आणि ती सुद्धा पूर्णपणे नाही! कसं ते सांगतो.

हा विषय निघाला एका मित्रामुळे. सोलापूरच्या जुन्या भागात त्याचं घर आहे. दगडी भिंती, वर एकेकाळी माळवद होतं. ते गळायला लागलं म्हणून वडिलांनी काढून पत्रे टाकले आणि पत्र्याखाली लाकडी माळा केला. मुलीच्या जन्माच्या वर्षाची अकलूजची रेड वाईन त्याने दोन डझन बाटल्या घेऊन ठेवली आहे. पोरगी २१ वर्षांची झाली की पहिली बाटली उघडायची, असा बेत. (महाराष्ट्रात वाईन पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, गडी कायदा पाळणारा आहे.) तेव्हा माळ्याला आतून थर्माकोल मारायचा, मांडण्या करायच्या आणि 'सेलर' म्हणायचं. काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, सक्त विरोध. माळ्याच्या बरोबर खाली देवघर आहे. "देवाच्या डोक्यावर बाटल्या मांडतोस होय रे?" हा त्यांचा बिनतोड सवाल.

मी धर्मशास्त्रात पडलो नाही. इंजिनिअर माणूस, मे महिन्यात माळ्यावर तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र ठेवून आलो. आठवड्याने पाहिलं तर दुपारी साडेतीनला ४६ अंश आणि पहाटे ३१. वाईनला लागतात १२ ते १४, वर्षभर एकसारखे. अंधार हवा, हादरे नकोत, आणि बूच वाळू नये म्हणून हवेत थोडी ओल हवी. म्हणजे आमचा माळा सगळ्या परीक्षांत नापास, फक्त अंधारात पास. पण नापास झालेल्या पोराच्या घराण्याची चौकशी केली तेव्हा मोठी मोठी नावं निघाली.

पहिलं नाव रोमन लोकांचं. रोमन घरात वाईनचे मातीचे उंच कुंभ, ज्यांना अँफोरा म्हणतात, ते मुरवण्यासाठी वरच्या मजल्यावरच्या कोठीत ठेवत. त्या कोठीला नाव होतं 'अपोथिका'. ती मुद्दाम न्हाणीघराच्या किंवा चुलीच्या धुराच्या वाटेवर बांधायची. ऊब आणि धूर लागला की वाईन लवकर मुरते, असा त्यांचा अनुभव. आपल्याकडे चुलीवरच्या माळ्यावर धुरात बियाणं ठेवायचे, तसलाच प्रकार.

आणि हे रोमन आपल्याला फार लांबचे नाहीत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात इटलीची, लाओडिसियाची आणि अरबस्तानची वाईन आहे, आणि पसंती इटलीच्या वाईनला, असंही लिहिलंय. त्याच पुस्तकात भडोचपासून वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' सांगितलंय. तगर म्हणजे आपलं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं. नेवाशाच्या उत्खननात अशा कुंभांचे तुकडे सापडले आहेत. म्हणजे दख्खनच्या उन्हात वाईन वाचवायची कशी, हा प्रश्न किमान दोन हजार वर्षं जुना आहे.

दुसरं नाव मदेराचं. अटलांटिक महासागरातलं हे पोर्तुगीज बेट. भारताकडे निघालेली जहाजं तिथे वाईनची पिंपं भरून घेत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटात ती महिनोन् महिने शिजायची, हेलकावे खायची. काही पिंपं न विकता परत बेटावर आली, आणि चाखून बघतात तर वाईन बिघडायच्या ऐवजी सुधारलेली! मग लोक मुद्दाम पिंपं भारतापर्यंत फिरवून आणायला लागले. अशा वाईनला पोर्तुगीज भाषेत 'विन्यो दा रोदा', म्हणजे फेरी मारून आलेली वाईन, असं नावच पडलं. पुढे कुणीतरी हिशेब केला असणार की एवढा प्रवास करण्यापेक्षा उन्हाळा घरीच तयार करू. मग दोन पद्धती निघाल्या. एक, पिंपं उन्हाने तापणाऱ्या माळ्यावर तुळयांवर ठेवून वर्षानुवर्षं मुरवायची. दुसरी, टाकीत वाईन किमान तीन महिने ४५ ते ५० अंशांवर तापवायची. ४५ अंश! हे वाचल्यावर मी ते यंत्र पुन्हा हातात घेऊन आकडे बघितले. मदेरावाले जे पैसे खर्चून करतात, ते सोलापूरचा मे महिना फुकटात करतो.

मदेरा जिथे गेली तिथे माळ्यावरच राहिली. अमेरिकेतल्या चार्ल्सटन आणि सव्हाना या उकाड्याच्या गावांत श्रीमंतांची मदेरा घराच्या माळ्यावर असायची. न्यू जर्सीतल्या लिबर्टी हॉल या जुन्या हवेलीच्या दुरुस्तीत १७९६ ची मदेरा सापडली आणि तिच्या माळ्यावर गवतात झाकलेले मोठाले काचेचे बुधलेही सापडले. ही बातमी २०१७ साली जगभर गाजली.

तिसरं नाव इटलीतल्या टस्कनीचं, आणि इथे गोष्ट सोलापूर जिल्ह्याला येऊन भिडते. टस्कनीत 'विन सांतो' नावाची गोड वाईन करतात. द्राक्षं काढून आधी महिनोन् महिने टांगून किंवा चटयांवर पसरून सुकवतात, मग त्यांचा घट्ट रस लहान पिंपांत भरून पिंपं बंद करतात आणि माळ्यावर नेऊन ठेवतात. तीन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. हिवाळ्यात थंडीने आंबणं थांबतं, उन्हाळ्यात परत सुरू होतं. म्हणजे तिथे माळा ही अडचण नाही, माळा हेच यंत्र आहे.

आता अकलूज. २००७ साली तिथे टस्कनीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी मिळून 'फ्रातेल्ली' ही वाईनरी काढली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. तिन्ही घरचे भाऊ, म्हणून हे नाव. सुमारे ३,५०,००० रोपं फ्रान्समधून आणली, मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथे लावली. वाईन करायला माणूस आणला टस्कनीचाच, पिएरो मासी. ऊस आणि साखर कारखान्यांच्या मुलखात सांजोवेझे नावाचं टस्कन द्राक्ष लागलं. मित्राच्या बाटल्या याच मातीतल्या.

तशी द्राक्षं सोलापूरला नवीन नाहीत. शहराजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या सोनाका आणि शरद सीडलेस या जाती राज्यभर गेल्या. पण ती खायची द्राक्षं आणि बेदाण्याची. वाईनची लाट आली ती राज्य सरकारच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर. अबकारी करात सवलत मिळाली, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क झाले. पुढे २००८ च्या मंदीत मागणी आटली आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा तोडून टाकल्या. खायचं द्राक्ष बाजारात कुठेही विकता येतं, वाईनचं द्राक्ष वाईनरीने नाही घेतलं तर कुणीच घेत नाही.

असो. मूळ मुद्दा साठवणीचा. मग आपल्या लोकांनी तळघर का नाही केलं? केलं की! पण वाईनसाठी नाही, धान्यासाठी. जमिनीत पेव, भिंतीत बळद, घरात कणगी. सोलापूर जिल्ह्यातली साठवणीची सगळ्यात मोठी गोष्ट ज्वारीची आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली, ही कथा इथे पोराटोरांना पाठ असते. ज्या मुलखात पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही तिथे जमिनीखालची सुरक्षित जागा आधी दाण्याला मिळणार, चैनीला नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळशी गेली. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, कारण आतला प्राणवायू संपून कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. युरोपातल्या वाईनच्या तळघरांतही, आंबवण चालू असताना, याच वायूने माणसं गेली आहेत. दोन संस्कृती, धोका एकच.

शिवाय आपली स्थानिक पेयं साठवायची नव्हतीच. शिंदी, ताडी सकाळी उतरवायची आणि त्याच दिवशी संपवायची. दुसऱ्या दिवशी तिचं आंबट पाणी होतं. जे उद्यापर्यंत टिकत नाही त्याच्यासाठी खोली कोण बांधणार?

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. मित्राला मी आधी म्हणणार होतो की माळा सोड, तळघर खण. पण गणित मांडल्यावर तेही जमेना. जमिनीखाली आठ-दहा मीटर गेलं की तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं, आणि ते असतं त्या गावाच्या वार्षिक सरासरीएवढं. फ्रान्समध्ये रॅंस शहराखाली खडूच्या दगडातल्या रोमन काळापासूनच्या खाणी आहेत, त्यांत शॅम्पेन मुरते. तिथे १०-११ अंश असतात, कारण त्या गावाची सरासरीच तेवढी आहे. सोलापूरची सरासरी २७ च्या आसपास. म्हणजे कितीही खणा, मिळणार २७. स्थिर, पण गरम. युरोपातलं तळघर हे बांधकामाचं कौशल्य कमी आणि तिथल्या हवामानाची देणगी जास्त. त्याची नक्कल करता येते, थंडावा बरोबर येत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम आपल्या मशीनवर का चालत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा प्रोग्रामात नसतं, तसंच हे.

माळवद मात्र हुशार होतं. लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर, त्यामुळे दुपारचा ताव आत पोचायलाच रात्र व्हायची. पत्रा पाच मिनिटांत तापतो. वडिलांनी गळती थांबवली आणि घराने उन्हाळा विकत घेतला. त्या काळी त्या पैशात दुसरं काही होण्यासारखं नव्हतं, हेही खरंच.

मग निकाल काय? अकलूजची रेड ही साधी, जेवणाबरोबर घ्यायची वाईन. तिला माळ्यावर ठेवली तर पहिल्याच उन्हाळ्यात बूच वर सरकेल, वाईन झिरपेल आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी होईल. एकवीस वर्षं सोडा, एकवीस महिनेही नाहीत. तिच्यासाठी कायम १३ अंश राखणारा छोटा वाईन फ्रीज आणि वीज गेल्यावर काही तास चालणारा इन्व्हर्टर, एवढंच खरं. तो फ्रीज खालच्या दगडी खोलीत ठेवायचा, म्हणजे त्यालाही कष्ट कमी. मित्र नाखुशीने तयार झालाय. काकू खूश आहेत. "लोणच्याची बरणी कधी माळ्यावर ठेवली होती का कुणी या घरात?" असं त्यांनी मला विचारलं, आणि खरं तर एवढ्या एका वाक्यात माझा अर्धा लेख होता.

पण माळ्यावर मी अजून फुली मारलेली नाही. या जिल्ह्यात द्राक्ष सुकवायची कला घरोघर आहे. पंढरपूरपासून नान्नजपर्यंत बेदाण्याची शेड उभी आहेत, जाळीच्या रॅकवर सावलीत द्राक्षं सुकताना दिसतात. खरड छाटणी एप्रिलमध्ये, फळछाटणी ऑक्टोबरमध्ये, आणि माल उतरतो उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे सुकलेलं द्राक्ष आणि तापलेला माळा दोन्ही एकाच वेळी तयार. टस्कनी आणि मदेरा या दोघांनीही आपापल्या उन्हाशी भांडण न करता त्यालाच कामाला लावलं. परवाना, भांडवल आणि दहा वर्षं थांबायची तयारी असलेल्या एखाद्या वाईनरीने सोलापुरी बेदाण्याची गोड वाईन पत्र्याखाली मुरवून बघितली, तर ती रॅंसच्या तळघराची नक्कल नसेल. फसेल कदाचित. पण इथल्या उन्हाचं वाईनला काहीतरी देणं लागत असेल, तर ते असंच वसूल होईल.