शेवटची रांग

शाळेच्या पटांगणावर व्यायामाचा तास सुरू झाला की, शिक्षकाची नजर सहजच पहिल्या रांगेकडे जाते. तेथे काटक आणि चपळ मुले उभी असतात. शेवटच्या रांगेत कोणी स्थूल असतो, कोणी किरकोळ अंगाचा, कोणी नुसताच बुजरा. या रांगेला व्यायाम कसा शिकवावा, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. आणि त्याचा इतिहास पाहावयाचा तर बडोद्याइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल.

खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, बडोद्यास मल्लविद्येला मोठा राजाश्रय होता. आखाड्यातील शिक्षण एकेकट्याचे असे. नव्या शिष्याने हौद्यातील माती उकरावी, मग जोर-बैठका काढाव्यात, आणि अंग तयार झाल्यावर वस्तादाने त्याला डाव दाखवावा, असा क्रम होता. पाय कोठे रोवावा, मान कशी सांभाळावी, हे वस्ताद प्रत्यक्ष हाताने धरून शिकवी. चूक जागच्या जागी सुधारे, हा या पद्धतीचा मोठाच गुण. परंतु एका वस्तादाच्या हाताखाली मुले ती किती मावणार? शिवाय दंगलीत नाव काढील अशा शिष्यावर त्याचा जीव जडावा, हे स्वाभाविकच होते. दुबळा मुलगा चार दिवस माती उकरून घरी बसला, तर आखाड्याचे त्यात काही अडत नसे.

पुढे सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सक्तीच्या शाळेत विद्यार्थी निवडून घेता येत नाहीत. बळकट आणि अशक्त असे सगळेच एका वर्गात येऊन बसतात. अशा वेळी व्यायामही सर्वांना एकत्र शिकविता येईल काय, हा प्रश्न उभा राहणारच होता.

त्याचे उत्तर बडोद्यातीलच एका तालमीने दिले. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचे शिष्य प्रो. माणिकराव यांनी आपल्या संस्थेला गुरूचेच नाव दिले. तीच श्रीजुम्मादादा व्यायाममंदिर. गुरूकडून मिळालेली विद्या त्यांनी निराळ्या रीतीने वाटली. लाठी, लेझीम, जोडी यांचे हात त्यांनी अंकांत विभागले, देशी भाषेतील आज्ञा बसविल्या आणि शेकडो मुलांना एका तालावर चालविले. हाच संघव्यायाम होय. जो मुलगा एकटा हौद्यात उतरण्यास धजला नसता, तो शंभरांच्या मेळ्यात निर्धास्तपणे हात उचलू लागला. भीड मोडली, हे या पद्धतीचे पहिले यश. मात्र तिच्यातही एक उणीव होती. अंकांची मोजणी कोणासाठी थांबत नाही. मागे पडलेल्या मुलाची चूक गर्दीत लपते, आणि लपलेली चूक तशीच राहते.

माणिकरावांच्याच एका शिष्याने तिसरी वाट काढली. १८८३ मध्ये डभोई येथे जन्मलेले ज. ग. गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. १९३६ च्या ‘यौगिक संघ व्यायाम’ या पुस्तकात त्यांनी आसनादी क्रियांना संघाची शिस्त दिली. शरीराला शीण न देता, ज्याला जितके साधेल तितकेच करावे, हे योगाचे तत्त्व अशा रीतीने वर्गात आले. अशक्ताला हे मोठेच अभय होते.

हाच पेच दूरच्या आल्प्स पर्वतातही पडला होता. बर्फावरून घसरत जाण्याची स्कीची विद्या आरंभी पहाडी धाडसी माणसांचीच होती. ऑस्ट्रियातील आर्लबर्ग येथे हान्नेस श्नायडर यांनी पहिल्या महायुद्धानंतर तिची पायरीवार शाळा उभारली. प्रथम पट्ट्यांची टोके जुळवून वेग रोखावयाचा, मग वळावयाचे, आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी चढावयाची नाही. विशेष म्हणजे विद्यार्थ्यांचे गट त्यांच्या कौशल्याप्रमाणे पाडले जात. त्यामुळे नवखा मनुष्य नवख्यांतच शिके. पुढे अमेरिकेत क्लिफ टेलर यांनी साधनच बदलले. आधी आखूड पट्ट्या, मग क्रमाने लांब. आपल्याकडे हलक्या जोडीवरून जड जोडीकडे जाण्यात जे शहाणपण आहे, तेच हे.

शहराच्या उत्तरेस निजामपुऱ्यासारख्या वस्त्या आज दाट झाल्या आहेत. तेथील एखाद्या शाळेत मुले रांगा धरून हात उंचावतात, तेव्हा या साऱ्या वाटा तेथे एकत्र येऊ शकतात. आखाड्याने डोळसपणा दिला, संघव्यायामाने धीर दिला, योगाने प्रत्येकाचे माप ओळखले, आणि आर्लबर्गने पायरी दाखविली. यांपैकी कोणतीही एकच पद्धत पुरी पडत नाही. आज्ञा सर्वांना एक असावी. परंतु ती देऊन झाल्यावर शिक्षकाने चालत शेवटच्या रांगेपर्यंत जावे आणि तेथल्या मुलाचा हात, वस्तादाप्रमाणे, स्वतः धरून नीट करावा. पहिली रांग बहुधा शिक्षकाविनाही शिकेल. त्याची खरी परीक्षा शेवटच्या रांगेत आहे.