दोन रिषभांची एक तार

आज आपण पेडल स्टील गिटारकडे वळू. हवाईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडीवर आडवी ठेवून पोलादी दांडीनं वाजवलेली गिटार अमेरिकेत गेली. तिथं तिला पाय मिळाले, मग पेडल मिळाली. पेडल आधीही होती. पण त्यांचा उपयोग बहुधा एका स्वरमेळातून दुसऱ्यात जाण्यापुरता होता. १९५४ मध्ये वेब पिअर्स यांचं ‘स्लोली’ गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि सूर डोळ्यांदेखत सरकावा तसा कानांदेखत सरकला. पुढे बडी एमन्स यांनी ती एक हालचाल दोन पेडलांत विभागली.

आता जुनं वाद्य समोर आहे असं समजू. आधी काय करायचं? खालच्या दांड्या आणि सांध्यांत वाळून चिकट झालेलं तेल काढायचं. पेडल सोडल्यावर तार पहिल्या जागी येत नसेल, तर सूर लावणं व्यर्थ. मग मोकळ्या तारा खुंट्यांनी लावायच्या. त्यानंतर पेडल दाबून ठेवून, पलीकडच्या टोकाचे नायलॉनचे नट फिरवून चढलेला सूर लावायचा. पेडल दाबलं की वाद्याची चौकट किंचित वाकते, इतर तारा थोड्या उतरतात. म्हणून पुन्हा सगळं तपासायचं.

इथवर कारागिरी झाली. खरा पेच पुढे आहे. या वाद्याच्या प्रचलित ‘ई नाइन्थ’ मेळात ई हा आपला षड्ज धरू. पहिलं पेडल पंचमाला धैवतावर नेतं, दुसरं गंधाराला मध्यमावर. गंधार यंत्रानं लावला, तर तो स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा राहतो. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. कानानं लावला तर गोड लागतो. पण रिषभाचं काय? पंचमाशी जुळायचं तर तो ९/८ हवा, धैवताशी जुळायचं तर १०/९. तार एकच! दोहोंत फरक ८१/८०, म्हणजे सुमारे २२ सेंट.

हा आकडा आपल्याला परका नाही. भरतमुनींच्या प्रमाणश्रुतीचं माप आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी हेच धरलं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, तेव्हा हार्मोनियमच्या पट्ट्यांपुढे हाच प्रश्न उभा होता. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागेही सुरांचीच तक्रार होती.

नॅशव्हिलच्या वादकांनी मात्र बंदी घातली नाही, तडजोडी शोधल्या. कुणी रिषभ मधोमध ठेवतो. कुणी धैवताच्या पेडलला एक जादा दांडी जोडतो. ती पेडलबरोबर रिषभाला किंचित उतरवते. कुणी सगळं यंत्राप्रमाणे ठेवून दांडीच्या हातावर विसंबतो.

म्हणून जुनं वाद्य दुरुस्त करताना आपण घाई करू नये. एखादा नट चुकीच्या जागी आहे असं वाटतं, तेव्हा तो कुणाच्या तरी कानाचा निर्णय असू शकतो. नट फिरवण्याआधी ते सूर नोंदवून ठेवावेत. ‘सुरात आहे’ हे विधान एका तारेबद्दल करताच येत नाही. ती कुणाच्या सोबतीनं वाजते, हे आधी विचारावं लागतं.