पुण्याचे दोन फुटबॉल क्लब आणि एक फसवा प्रश्न

आमच्या कोल्हारला टपरीवरचे वाद क्रिकेटचे. फुटबॉलचा वाद पहिल्यांदा पुण्यात ऐकला: एफसी पुणे सिटी हरतेय ती कोचमुळे की पैशामुळे?

२०१४ मध्ये ही टीम उभी राहिली. आधी त्रेझेगे, मग मुतू, अशी मोठी (आणि उतरणीला लागलेली) नावं आणली. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, हंगामी रेड्डी, ब्राउन: पाच हंगामांत सात प्रशिक्षक! बाद फेरी गाठली ती फक्त २०१७-१८ ला. २०१९ मध्ये क्लब बंद झाला, लीगमधली जागा हैदराबादला गेली.

म्हणजे कोच बदलून क्लब बुडाला? थांबा. हरणारा संघच कोच बदलतो ना! कारण कोणतं नि परिणाम कोणता, हे नुसती यादी बघून कळत नाही. तुलनेला दुसरा क्लब लागतो, आणि तो त्याच बालेवाडीत सापडतो. २००७ चा पुणे एफसी. तिथे डेरिक परेरा चार हंगाम टिकले, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये संघ दुसरा आला. तरी २०१५ मध्ये मालकांनी हात काढून घेतला.

तेव्हा 'संघ का हरतो' आणि 'क्लब का बंद पडतो' हे प्रश्न आधी वेगळे करा. दुसऱ्याचं उत्तर मैदानापेक्षा मालकाच्या खिशात शोधावं लागेल, असं मला वाटतं. मुंबईची महिंद्रा युनायटेड बघा: २००५-०६ ची राष्ट्रीय लीग विजेती, कोच हेच परेरा. २०१० मध्ये तीही बंद.